गोल जिना

सोलापुरात तीन मजल्यांची, सहाच घरांची एक महागडी इमारत मी डिझाइन केली होती. बिल्डरला खालचा प्रवेशाचा हॉल प्रशस्त हवा होता आणि मला गोल जिना. दोन्ही बसवायचं तर लिफ्टची जागा कमी करावी लागत होती. एवढ्या कमी उंचीला मोठ्या लिफ्टची सक्ती नव्हती. मी चार माणसांची ठेवली. माझे जुने ड्राफ्ट्समन नकाशावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "साहेब, ह्या जिन्यातनं आजारी माणूस कसा उतरवायचा?"

"लिफ्ट आहे की," मी म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं राहायला आलं. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना होता, तो आता मुलगा बघायचा. आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. काकू भेटल्या की म्हणायच्या, "जिना बघूनच घर घेतलं बघा आमी."

मे महिन्यात टाकी गळते म्हणून त्यांनी मला बोलावलं. भर दुपारी मी गच्चीवर असताना काकूंची हाक आली, "सर, लवकर या की! हे बोलंनात!"

काका सोफ्याजवळ पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात हलत नव्हता. अॅम्ब्युलन्स लगेच आली, पण स्ट्रेचर लिफ्टमध्ये जाईना. काकांची मान धरत नव्हती, त्यामुळं त्यांना बसवून नेणंही शक्य नव्हतं. जिन्यात पहिल्याच वळणावर स्ट्रेचर कठड्याला अडकलं.

"कुणी बांधलंय हे असलं?" पुढचा माणूस ओरडला.

मागचा दांडा माझ्याच हातात होता.

शेवटी काकूंनी पलंगावरची चादर ओढून आणली. अॅम्ब्युलन्सच्या तिघांनी आणि मी चार टोकं धरली. आतल्या बाजूला पायऱ्या निमुळत्या, पाऊल पुरतं टेकत नव्हतं. दोनदा थांबावं लागलं. काका माझ्याकडे बघत होते, की नुसतेच डोळे उघडे होते, कळलं नाही.

"इतका उशीर का केलात?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. चौथ्या दिवशी काका गेले.

दिवस झाल्यावर मी काकूंना भेटलो. म्हणालो, "काकू, चूक माझी आहे."

"तुमाला काय ठाऊक असं हुणार म्हणून," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमचे आई-वडील हायेत न्हवं?"

"आहेत."

"कुटं राहतात?"

"माझ्याच घरी, खालच्या मजल्यावर," मी म्हणालो.

हॉलची थोडी जागा घेऊन लिफ्ट मोठी करता येईल, असा नकाशा काढून मी रहिवाशांच्या बैठकीत ठेवला. काम फुकट करून देतो म्हटलं. हॉलची शोभा जाईल, असं पाचही घरांचं मत पडलं. काकू मुलाकडे राहायला गेल्या होत्या, बैठकीला आल्या नाहीत. नकाशा गुंडाळून मी परत आलो.