नालवाडीचा ब्रेकवाला

सेलसुरा गाव मागं पडलं तरी अश्वजितनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तो पुढं, मी वीस पावलं मागं. त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. कोपरापर्यंत प्लास्टर आणि प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली तीन बोटं, वांग्यासारखी काळीनिळी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी मुळापासून काढून टाकलं होतं. देवळीहून निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वर्ध्याची बस शेजारून गेली, त्यानं हात दाखवला नाही. मग मीही दाखवला नाही.

तो माझ्या सासरच्या घरून उठून आला होता. तिथं त्या दिवशी तडजोडीची बैठक होती. ज्यानं त्याचा हात मोडला तो धनंजय, माझा धाकटा दीर. बैठकीत धनंजय सगळ्यांसमोर म्हणाला, मी गाडी कुठंच थांबवली नाही, यानं ब्रेकच खराब बसवले. तो खोटं बोलतो आहे हे मला माहीत होतं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि बोलले नाही. अश्वजितनं चहाचा कप भरलेला तसाच खाली ठेवला आणि चालायला लागला. मी चपला घातल्या आणि मागं निघाले. सासूबाईंनी कुठं म्हणून विचारलं, तोवर मी अंगण ओलांडलं होतं.

अश्वजित नानाजी ताकसांडे माझ्या माहेरचा, वर्ध्याजवळच्या नालवाडीचा. शाळेत माझ्या एक वर्ग मागं होता. त्याचे वडील पुलगावच्या मिलमध्ये होते, ते काम सुटल्यावर बाजारात हमाली करायचे. दहावीत गणित राहिलं आणि अश्वजित ट्रकच्या गॅरेजात लागला. तिथला उस्ताद हाताला येईल त्यानं मारायचा. डाव्या भुवईवरची खूण साखळीची आहे. आई जिजाबाई ती खूण पाहून रडायची, तर हा म्हणायचा, आई, पाना मारला असता तर डोळा गेला असता, साखळी बरी.

तो काही गरीब गाय नव्हता. बावीसचा असताना त्यानं एका ट्रकवाल्याचं डोकं जॅकच्या दांड्यानं फोडलं. त्या माणसाच्या एका चाकाची ब्रेकची नळी गळत होती. दुरुस्त करायची सोडून त्यानं ती पकडीनं चेपून बंद केली होती आणि तीन चाकांच्या ब्रेकवर भरलेला ट्रक चालवत होता. अश्वजितनं ती नळी पाहिली, वर पाहिलं आणि मारलं. आठ टाके पडले. चार दिवस आत राहून आला. मी राखीला माहेरी गेले तेव्हा त्याला विचारलं, काऊन मारलं रे. तो म्हणाला, "त्याच्यासमोर शाळेतली पोट्टी चालत होती, ताई."

नंतर त्यानं नागपूर रोडला स्वतःचं दुकान टाकलं. आत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, बाहेर पाटी, 'फक्त ब्रेक'. पंक्चर काढत नसे, तेलही बदलत नसे. लोक हसायचे. पण त्याच्यासारखा ब्रेकचा माणूस चार तालुक्यांत नव्हता, आणि त्याची एक पद्धत होती. नवे पॅड बसवले की तो गाडीची चावी लगेच देत नसे. गाडी स्वतः बायपासला न्यायचा. ऐंशीच्या वेगावरून ब्रेक दाबत तीसवर आणायचा, पुन्हा ऐंशी, पुन्हा तीस, असं दहा वेळा, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही. पॅडचा जळका वास आला की ब्रेकला हात न लावता सात-आठ किलोमीटर सावकाश फिरवून आणायचा, म्हणजे पॅड जिला दाबून चाक थांबवतात ती चाकातली लोखंडी डिस्क वाऱ्यानं निवते. पॅडचा थर तिच्यावर सगळीकडे सारखा चढला पाहिजे. मला तो सांगायचा, लोणच्यासारखं आहे हे, मुरल्याशिवाय वाढायचं नाही. डिस्क तापलेली असताना गाडी उभी करून ब्रेक दाबून ठेवला, तर जिथं पॅड टेकलेलं असतं तिथं थप्पा बसतो. मग चाकाच्या दर फेऱ्याला तिथं ठोका बसतो आणि वेगात ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात राहत नाही.

धनंजयला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. जुनी गाडी घेऊन मागची सीट काढून टाकलेली, पुण्याहून शर्यतीचे पॅड मागवलेले. ते साध्या पॅडपेक्षा कडक असतात, मुरायला जास्त तापवावे लागतात. अश्वजितकडे आधी एकदा मीच त्याला घेऊन गेले होते. शनिवारी सकाळी पॅड बसले आणि त्याच वेळी जिजाबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. अश्वजित म्हणाला, संध्याकाळी मुरवून देतो. धनंजय थांबायला तयार नव्हता. मला गाडी चालवायला शिकवतो का बे, म्हणाला. तेव्हा अश्वजितनं आयुष्यात पहिल्यांदा न मुरवलेल्या गाडीची चावी दिली. एका कागदावर चार ओळी लिहून समोर चिकटवल्या. शेवटची ओळ होती, गरम असताना कुठंही थांबायचं नाही.

इकडे देवळीत मारुतीच्या देवळासमोर मी गाडीच्या पूजेची तयारी करून उभी होते. गुरवानं सव्वाअकरापर्यंतचा मुहूर्त सांगितला होता. धनंजयला मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाले, भाऊजी, आहे तसे या, मुहूर्त चुकला तर मी गाडीला हात लावणार नाही. तो देवळीच्या वेशीपर्यंत दहा वेळा ब्रेक मारत, गाडी निवू न देता तसाच आला. देवळासमोर उतार आहे. त्यानं इंजिन बंद केलं आणि ब्रेकवर पाय दाबून बसला. चुलत सासरे प्रभाकरराव नारळ घेऊन येईपर्यंत आठ-नऊ मिनिटं गेली. चाकांखाली लिंबं ठेवली. मी चारही चाकांना कुंकू लावलं आणि शेवटी तांब्यातलं सगळं पाणी पुढच्या दोन चाकांवर ओतलं. छस्स करून वाफ उठली, पार माझ्या तोंडापर्यंत. जळका वास आला. लोकांनी हात जोडले. मीही जोडले. मला वाटलं, मारुतीनं पूजा घेतली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पलीकडे सरावाच्या फेरीत वळणाआधी धनंजयनं ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग असं फडफडलं की त्याचे दोन्ही हात सुटले. गाडी भिंतीवर गेली. शेजारी त्याचा मित्र मुकेश होता. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे चार दात गेले. अश्वजितनं चिकटवलेला तो कागद मुकेशच्या रक्तानं भिजून गेला होता.

सोमवारी सकाळी मी नालवाडीला आईकडे होते. भाजी घेऊन येत होते तर दुकानासमोर टेम्पोवर लादलेली ती गाडी दिसली. धनंजय होता, त्याचा दोस्त सचिन होता आणि आणखी एक होता. अश्वजितनं पुढचं चाक काढलेलं होतं आणि डिस्कवर बोट ठेवून तो दाखवत होता. पॅडच्या आकाराचा काळानिळा डाग होता तिथं, इस्त्रीनं कापड जाळल्यासारखा. तो म्हणाला, "भाऊ, हा थप्पा पाहा. गाडी कुठं थांबवली होती?"

एवढंच. धनंजयनं पाना उचलला आणि त्याच्या कानशिलावर मारला. अश्वजित गुडघ्यावर बसला. सचिननं पाठीत लाथ घातली. तोंड जमिनीवर आपटलं आणि ग्रीसमध्ये रक्त मिसळलं. अश्वजितनं डाव्या हातानं हातोडी फेकली, ती सचिनच्या गुडघ्याला लागली. त्यानंतर ते तिघं माणसासारखे राहिले नाहीत. त्याच्या जातीवरून धनंजय एक शब्द बोलला, तो मी लिहिणार नाही. तोच शब्द तो पुन्हापुन्हा बोलत होता आणि दर वेळी मारत होता. मग दोघांनी धरून अश्वजितला टेबलापाशी ओढलं. टेबलाला लोखंडी वाइस असतो, वस्तू घट्ट पकडायचा. त्यात त्याचा उजवा हात घातला. धनंजय म्हणाला, "हाच हात ना बे तुया कारागिराचा?" आणि दांडा फिरवला.

एक आटा. अश्वजित ओरडला नाही, त्याचं तोंड नुसतं उघडं राहिलं. दुसरा आटा. काडी मोडावी तसा आवाज आला आणि तेव्हा तो ओरडला. तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. तिसऱ्या आट्याला त्याची मान पडली.

चहावाला होता, टायरवाला होता, शिलाईच्या दुकानातली रूपाली होती. पंचवीस-तीस माणसं असतील. कोणी हललं नाही. मी चाळीस पावलांवर भाजीची थैली घेऊन उभी होते. मनात मारुतीचं नाव घेत होते. गाडी कुठं थांबली होती ते मला ठाऊक होतं. ओरडून सांगायचं एकच वाक्य होतं.

पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी गेल्या. हातोडीमुळे सचिनचीही झाली. ती धरूनच प्रभाकररावांनी तडजोडीचा घाट घातला. मधल्या दीड महिन्यात अश्वजितचं दुकान बसलं. लोक म्हणायचे, त्याच्या ब्रेकनं त्या पोराचा जबडा गेला. जुनी गिऱ्हाइकं गाड्या उभ्या करून विचारायची, आमच्यात काही राहिलं तर नाही ना. एकानं तर नवे पॅड काढून दुकानाच्या शटरवर फेकून मारले. डाव्या हातानं काम करायला तो शिकत होता, पण काम यायला पाहिजे ना. नाव गेलेल्या ब्रेकवाल्याकडे कोण लेकरंबाळं बसवून गाडी आणणार.

सालोडच्या अलीकडे पळसाच्या सावलीत तो बसला तेव्हा मी त्याला गाठलं. माझ्या टाचा सोलल्या होत्या. माझ्या सासरच्या गावचे दोघं मोटरसायकलवरून गेले, पुढं जाऊन थांबले, वळून पाहिलं आणि गेले. संध्याकाळपर्यंत घरी कळणार होतं. मी त्याच्यासमोर मातीत बसले आणि सगळं सांगितलं. मुहूर्त, तीन फोन, उतार, पाणी, वाफ.

त्यानं मध्ये तोडलं नाही. सांगून झाल्यावर डॉक्टर विचारतात तसं एकेक विचारायला लागला. किती मिनिटं उभी होती. इंजिन चालू का बंद. पाय मध्ये उचलला का. पाणी दोन्ही चाकांवर का एकाच. वास कसा होता, कापूस जळल्यासारखा का रबर जळल्यासारखा. मी आठवून आठवून सांगत गेले. त्याचा चेहरा बदलला. दीड महिन्यात पहिल्यांदा तो मला हसलेला दिसला.

"म्हंजे पॅड बरोबर बसले होते," तो म्हणाला. "मी रातरात आठवून पाहून राह्यलो होतो ताई, का माह्याच हातून कोणता बोल्ट ढिला राह्यला. पाणी नसतं टाकलं तरी थप्पा बसलाच असता. पाण्याचं एवढं मनाले लावून घेऊ नका. पाय दाबून ठेवला, तो खरा घात."

मग त्यानं झोळीतल्या हाताकडे पाहिलं. बघता बघता त्याची मान लाल झाली. उठला आणि प्लास्टरचा हात त्यानं पळसाच्या बुंध्यावर आपटला. एकदा, दोनदा. मी धरायला गेले तर डाव्या हातानं मला असं लोटलं की मी मागं पडले, कोपर फुटलं. प्लास्टरला भेग गेली आणि आतून रक्त झिरपायला लागलं. तो त्या रक्ताकडे पाहत उभा राहिला, धापा टाकत.

"तीन आटे फिरवले त्यानं," तो म्हणाला. "मी तुमाले पाह्यलं होतं. थैलीतून मेथी दिसत होती. पहिल्या आट्याले बोलल्या असत्या, त दोन बोटं राह्यली असती."

मी म्हणाले, हो.

त्यानं माझ्या कोपराकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढला आणि माझ्याकडे टाकला. मी तो कोपराला बांधला आणि आम्ही पुन्हा सावलीत बसलो. ट्रक जायचे तेव्हा तो कान देऊन ऐकायचा, कोणाचा ब्रेक कसा लागतो ते. मी त्याला म्हणाले, पोलिसांत जाऊन जबाब देते, कोर्टात बोलावलं तर कोर्टात सांगते, घरातून काढलं तरी चालेल. आईचं घर आहे मला.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"कोर्टाचं कोर्टात होईन, दहा वर्षांनी. तोवर तुमी असान का मी असन. मले ते नाई पायजे. तुमी रविवारी सकाळी नऊ वाजता नालवाडीले येजा. चहावाला असते, टायरवाला असते, रूपाली असते. त्या दिवशी जे जे उभे राहून पाहत होते, ते सारे असतात. मी दुकान उघडून ठेवतो. वाइसच्या टेबलापाशी उभ्या राहा आणि त्याईले सांगजा, गाडी थांबली होती. पाण्याचं नका सांगू, देवाचं नका सांगू. फक्त थांबली होती, एवढं मोठ्यानं सांगजा."