मोठी नको, पिंकीच!

हसायचं नाही, आधीच सांगतो. अशी फजिती झाली माझी की बिल्डिंगीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

हॉलंडमध्ये टिलबर्गला मुलाकडे आलोय. नात ईरा. पोरीने पाळलं काय? साप! शिसपेन्सिलीएवढा, तांबूस, बिनविषारी. नाव मका. गावाकडे याला बघून लोक काठी शोधतात. इथे याला काचेची पेटी आणि खाली ऊब द्यायला गादी! मी तासन्‌तास बघत बसायचो. हा खातो काय? केव्हा? पण विचारायचं कशाला? आपोआप कळेल की.

मग सगळे पॅरिसला निघाले. ईरा रडकुंडीला. "मक्याला कोण बघणार?"

मुलगा म्हणाला, "बाबांना नाही जमायचं."

झालं! "मला? अरे, म्हशी सांभाळल्यात मी. सांग गं ईरा."

"आजोबा, वीकमध्ये एकदाच. फ्रायडेला पिंकी. पिंकीच हां, मोठी नको. मोठी त्याला झेपत नाही."

"समजलं."

न समजायला काय झालं? वरच्या मजल्यावर जोशींच्या दोन मुली. धाकटी पिंकी, अजून दुधाचे दात पडतायत. मोठी कॉलेजात. मोठीचं आणि सापाचं पटत नसणार. म्हणजे पिंकी येऊन खायला घालणार. आहे काय त्यात!

शुक्रवारी बेल वाजली. दारात मोठी, हातात कढीचं पातेलं.

"तू नको," मी म्हणालो. "पिंकीला पाठव."

"का, आजोबा?"

"मक्याला तू झेपत नाहीस."

पाय आपटत गेली. कढीसकट! थोड्या वेळाने जोशीबाई स्वतः पिंकीला घेऊन आल्या. चेहरा असा! मी पिंकीला पेटीसमोर उभी केली.

"हं, कर सुरू."

पिंकी मक्याकडे बघतेय, मका पिंकीकडे. पुढे काही होईना. शेवटी ईराला फोन लावला. स्पीकरवर, मला तसाच लावता येतो.

"ईरा, पिंकी आणलीय. तो तोंडच लावेना!"

"आधी गरम पाण्यात ठेवलीस का?"

"कोणाला?"

"पिंकीला! फ्रीझरमधून काढलीस ना? फुल मऊ झाली पाहिजे. मग चिमट्याने धर. डोक्याकडून गिळतो तो."

जोशीबाईंनी पोरगी अशी उचलली म्हणता!

उंदराचं अंगावर केसही न आलेलं गुलाबी पिल्लू, त्याला हे साप पाळणारे पिंकी म्हणतात. सापाच्या अंगाएवढं जाड, तेवढंच त्याला पचतं. मटाराच्या पिशवीमागे डबाच होता. मक्याने गिळली. पेन्सिलीला गाठ आल्यासारखा दिसत होता. दिलेला शब्द मी पाळला, एवढं लक्षात ठेवा.

पिंकी खेळायला अजून येते. पण उंबऱ्यावरच थांबते आणि विचारते, "आजोबा, मका जेवला ना?"