मिरवणूक लॉ कॉलेजकडे निघाली

आमच्या घरात आनंद झाला की रस्ता बंद होतो.

आम्ही मूळचे हुपरीचे, चांदीचे पैंजण घडवणारे. आता शहरात, राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे, पण रक्त तिकडचंच. पुतण्यानं कुस्ती मारली, मिरवणूक. भावकीतलं कुणी निवडून आलं, मिरवणूक. (पडलेल्याचीही एकदा काढली. गुलाल आधीच आणला होता, वाया कसा घालवायचा?) दिवाळी पाडव्याला तर आमच्याकडं म्हशींचीसुद्धा निघते, शिंगं रंगवून, माळा घालून! त्यामुळं माझ्या अक्षताचा नंबर सरकारी लॉ कॉलेजात लागला, तेव्हा मी घरात एकच सवाल टाकला, "म्हशीची निघती, मग पोरीची का न्हाय?"

त्याआधी आम्ही एका खासगी कॉलेजात चौकशीला गेलतो. तिथल्या साहेबांनी फी सांगितली. मी पाणी मागितलं. ते म्हणाले, "हप्ते पाडून देऊ की."

"साहेब, शेवटचे हप्ते माझ्या नातवानं फेडले तर चालतील का?"

येताना पोरीनं गाडीवर मागं बसून फीचा कागद बारीक बारीक फाडला. त्या दिवशी मला लई वाईट वाटलं. मग तिनं जिद्दीनं अभ्यास केला आणि प्रवेश परीक्षेत अशी मुसंडी मारली की थेट सरकारी कॉलेज! नावाजलेले प्राध्यापक, भलीमोठी लायब्ररी, आणि फी? आमच्या हलगीवाल्यांच्या बिदागीपेक्षा कमी! (ही तुलना माझी नव्हे, बायकोची. ज्या आवाजात तिनं केली, तो इथं लिहिता येत नाही.)

माझा मेव्हणा बंडा मात्र शंकेखोर. "दाजी, एवढ्या स्वस्तात चांगलं कसं असंल? स्वस्तातली चांदी कधी बघितलीसा का?"

अक्षता म्हणाली, "मामा, स्वस्त न्हाय ते. सगळ्यांच्या टॅक्समधनं चाललंय. तुझ्यापण."

"मी कुठं टॅक्स भरतो?"

"मग गप बस की!"

बंडा गप बसला! आमच्या खानदानात बंडाला गप बसवणारं हे पहिलंच माणूस. पोरगी वकील होणार, याबद्दल माझी खात्री पटली.

आता खरी गोम सांगतो. नुसता नंबर लागून भागत नाही. कॉलेजात स्वतः जाऊन जागा पक्की करावी लागते. मुदतीत गेलं नाही की जागा पुढच्याला. पोरगी सोमवारीच निघाली होती, पण मी अडवली. का? तर हलगीवाले शुक्रवारीच मोकळे होते! आणि शुक्रवारी चार वाजता मुदत संपत होती.

"अण्णा, शेवटच्या दिवसाचा भरवसा न्हाय," अक्षता म्हणाली.

"अगं, मिरवणूक कॉलेजलाच न्यायची की! एका दगडात दोन पक्षी!"

शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पोरीची कागदपत्रं स्वतःच्या पिशवीत घातली. "तुमच्या त्या मिरवणुकीच्या जीपमध्ये मी बसणार न्हाय," म्हणाली, आणि स्कूटर काढून आमच्या मागनं यायला लागली. चेहरा असा, की हलगीवाले तिच्याकडं बघून दबकत वाजवायचे.

जेवणं आटपून निघालो. उघडी जीप, हारांत बुडालेली अक्षता, पुढं हलगी, आणि हुपरीहून आलेली यच्चयावत भावकी! पहिल्याच गल्लीत मावशीनं ओवाळलं. दुसऱ्या गल्लीत आत्यानं. तिसऱ्या गल्लीत जिनं ओवाळलं ती कोण, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही, पण ताट तिचंच मोठं होतं. त्यात बंडा नाचायला उतरला. बंडा जीपकडं तोंड करून नाचतो. नाचता नाचता पुढं सरकतो, म्हणजे जीपवरच येतो, म्हणजे जीप मागं घ्यावी लागते. कॉलेजकडं निघालेली मिरवणूक परत माझ्या दुकानाकडं चालली!

"अण्णा! सव्वातीन झाले!"

"पोचतोय की गं!"

"कुठं? घरी?"

मुख्य रस्त्याला लागलो आणि मागं रिक्षा, बस, टेम्पो अशी रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. (बंडाला वाटलं, साथ देत्यात.) तेवढ्यात एक कॉन्स्टेबल बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाची मिरवणूक? परवानगी कुठाय?"

मी छाती काढून म्हटलं, "बाई, पोरीला कायदा शिकायला पाठवतोय!"

"व्हय? रस्ता अडवून? गाडी बाजूला घ्या. चला चौकीत!"

जीपची चावी त्यांच्या हातात गेली. चार वाजायला आले होते. जागा गेली तर पुढं ते हप्तेवालं कॉलेज, आणि ते तर आमच्यासाठी नव्हतंच. पोरीनं झगडून मिळवलेलं मी हलगीच्या तालावर घालवायला बसलो होतो! मी हात जोडले. "बाई, मला न्या. पण हिला सोडा. चारच्या आत पोचली न्हाय तर हिचं कॉलेज जाईल."

मागनं स्कूटरचा आवाज आला. शोभा ओरडली, "बस मागं! मी नेतो तुला!" अक्षतानं हार काढून माझ्याच गळ्यात घातले आणि उडी मारली. कॉन्स्टेबल बाईंनी शिट्टी फुंकून एक बस थांबवली, दोन रिक्षा हटवल्या आणि मायलेकींना वाट करून दिली. आमची मिरवणूक दुपारभर जेवढी सरकली नव्हती, तेवढी स्कूटर एका दमात गेली.

चौकीत मी, बंडा आणि हलगीवाले एका बाकावर बसलो. गळ्यात हार, तोंडाला गुलाल. येणारा जाणारा विचारायचा, "पावणं, निवडून आलासा काय?" माझं लक्ष फोनकडं. फोन गप. चार वाजून गेले तरी गप. बंडासुद्धा गप!

आणि दारात अक्षता उभी राहिली. भुवयांपर्यंत गुलाल, केस विस्कटलेले. "झालं, अण्णा! जागा पक्की! मी कागदं दिली आणि लगेच खिडकी बंद झाली!"

मी तिथंच ढसाढसा रडलो. गुलालामुळं काय दिसत होतो कोण जाणे, हवालदारसुद्धा उठून उभा राहिला. मग डोळे पुसले आणि चौकीच्या साहेबांना ऐटीत म्हटलं, "साहेब, ही माझी वकील! सांग गं, आपली काय चूक न्हाय म्हणून."

अक्षतानं साहेबांना नमस्कार केला. "साहेब, परवानगी काढली न्हवती. रस्ता दुपारभर अडवला. बसमध्ये आजारी माणसं असतील, परीक्षेची पोरं असतील. आमच्या अण्णांना दंड करा. फक्त हलगीवाल्यांना सोडा, त्यांना ह्यांनीच बोलावलं होतं."

"अगं, बापाची बाजू घे की!"

"आधी बरोबर बाजू घेतो, अण्णा."

साहेबांनी मान डोलावली. हलगीवाले सुटले, मला दंड झाला. मी तो मिशीवर ताव देत भरला. लोक म्हणतात, सरकारी कॉलेजात एवढ्याशा फीत काय शिकवणार? अहो, पहिला तास व्हायच्या आधीच माझ्या पोरीनं पहिली केस जिंकली! हरला तो फक्त तिचा बाप.