वैशालीताईंनी सांगितलेलं खरं नाव

वैशालीताईंची आणि माझी ओळख कढीपत्त्यामुळे झाली. मी तेव्हा नागपूरहून इथे अमेरिकेत शिकायला आलो होतो. ताई सरकारच्या शेतीखात्यात आहेत, असं अख्खं मराठी मंडळ समजून चाललं होतं. कुणाचे टोमॅटो किडले, कुणाचा मोगरा रुसला, की लोक त्यांनाच गाठत. मीही गाठलं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने कुंडी, ऊन, पाणी सगळं समजावलं. पुढे नागरिकत्व मिळाल्यावर मी गुप्तवार्ता विभागात रुजू झालो, तर प्रमुखांच्या खुर्चीत त्याच! "काय रे, कढीपत्ता जगला का?" एवढं विचारून त्यांनी फाइल पुढे सरकवली. शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी त्या बागकामाची पुस्तकं चाळून जात.

ज्या सशस्त्र गटांशी सरकारला उघडपणे बोलता येत नाही, त्यांच्याशी गुपचूप बोलणं हे ताईंचं खरं काम. काय जमणार नाही ते त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकत. समोरचा चिडे, पण दुसऱ्यांदा येई.

एकदा अशाच एका गटाने एका डॉक्टरबाईंना पळवून नेलं. त्या गटाचा माणूस परदेशातल्या एका हॉटेलात आम्हाला भेटायला आला, अर्थातच टोपणनावाने. खरं नाव आमच्या फाइलमध्ये होतं, आणि मी शहाण्याने चहा पुढे करताना नेमकी त्याच नावाने हाक मारली! तो ताडकन उठला. "माझ्या घरापर्यंत पोहोचलात. आता बोलणं संपलं." डॉक्टरबाईंचा जीव मीच घालवला, असं वाटलं.

ताईंनी त्याला अडवलं नाही. "चूक आमची. तुमच्या घराला आमच्याकडून धक्का लागणार नाही. आणि आता माझंही नाव ऐकून जा," असं म्हणून त्यांनी स्वतःचं खरं, पूर्ण नाव सांगितलं. आमच्या कामात असं कुणीही करत नाही. "मलाही दोन मुली आहेत. धाकटीची उद्या गणिताची परीक्षा आहे."

तो दारात थबकला. "आणि तुम्ही इथे? मग ती नापासच होणार," म्हणाला, आणि परत येऊन बसला. आठव्या दिवशी डॉक्टरबाई सुखरूप घरी पोहोचल्या. धाकटीही पास झाली.

"पॅनिक होऊ नकोस, रिपोर्ट मी लिहिते," ताई मला परतताना म्हणाल्या. त्यानंतर त्यांना अशा बोलण्यांना पाठवलं गेलं नाही, बढतीही थांबली. माझी चूकही त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली होती, हे मला त्या निवृत्त होऊन नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहायला गेल्यावर कळलं. मी तडक गाडी काढून गेलो आणि चक्क भांडलो.

"अरे, तुझं प्रोबेशन चालू होतं. तुला लगेच टर्मिनेट केलं असतं. मला तसाही ट्रॅव्हलिंगचा कंटाळाच आला होता," ताई म्हणाल्या. हे धडधडीत खोटं होतं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला मात्र रडू आवरेना.

ताई, तुमच्या पंचाहत्तरीला आम्हा सगळ्यांचा नमस्कार. तुम्हाला ठणठणीत शंभरी लाभो, आणि आता तरी खऱ्या ओळखीने मिरवा. नियमाप्रमाणे हा लेख आधी कार्यालयाला दाखवावा लागला. त्यांनी त्या हॉटेलातल्या भेटीचा देश, साल, गाव खोडलं. एक वाक्य तेवढं राहू द्या म्हणून मी तीन पत्रं लिहिली, आणि ते राहिलं: त्या माणसाचं नाव मी उच्चारलं होतं, वैशालीताईंनी नव्हे.