उर्फ पिंकी

आमच्या घरात माणसं टिकत नाहीत, किस्से टिकतात. भंगारवाला महिन्याला येतो, डबे-बाटल्या घेऊन जातो. हे कोण नेणार? म्हणून लिहायला बसले. कॉलेज सोडलंय, वेळच वेळ आहे. "वडीलधाऱ्यांचा मान राखून लिही," असं मामा म्हणाला. राखण्याजोगा सापडला तर राखीन.

*

आधी मूळ सांगते. मी बारा वर्षांची होते तेव्हा बाप आम्हाला सोडून परभणीला गेला. तिथं तो एका सरकारी कचेरीत शिपाई आहे. आई मला घेऊन बोरीला मामाकडं आली आणि तिनं पोटगीचा दावा लावला. हुकूम झाला: दर लेकराला महिना दोन हजार, पगारातूनच कापायचे. लेकराचं नाव, कु. शिवकन्या उर्फ पिंकी. शिवकन्या शाळेतलं, पिंकी घरातलं. दोन्ही मीच.

कचेरीतल्या जुन्या क्लार्कला 'उर्फ' काही दिसला नाही. त्यानं रकाने पाडले. एक, शिवकन्या. दोन, पिंकी. सहा वर्षं चार हजार कापले.

आईला वाटलं, पोटगी वाढली. "म्हागाई काय कमी हाय का? कोर्टाला बी बाजार करावा लागत असंल की."

पिंकीच्या पैशातून तिनं पिको-फॉलची मशीन घेतली. आज आम्ही दोघी त्या मशीनवरच जेवतो.

*

मी अठराची झाले, कपात थांबवायची वेळ आली. तोवर जुना क्लार्क रिटायर होऊन नव्या मॅडम आल्या होत्या. त्या बापाला म्हणाल्या, "काका, दोघींचे वयाचे दाखले आणा."

बापानं टोपी काढून परत घातली.

"काका, पोरी किती तुम्हाला?"

"कागदावर किती हायेत?"

हे मला मॅडमनीच सांगितलं, पोट धरून हसत. मग त्यांनी विचारलं, सहा वर्षं काहीच कसं बोलला नाहीत?

"म्हणलं, मी निघालो तवा ही बाई दोन जिवाची असंल. झाली असंल एखादी. इचारायचं कुणाला?"

बोरीहून परभणी एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

*

पोरगी एकच, हे कळल्याबरोबर आमच्या वडिलांची झोप उडाली. जास्तीचे एक लाख चव्वेचाळीस हजार परत पाहिजेत, तेही एकरकमी. नसतील तर मशीन विका. त्याच्या वकिलानं नोटिसा धाडल्या, त्याही दोन. एक शिवकन्येला, एक पिंकीला.

पोस्टमन नवा होता. "पिंकी कोनंय? तिचीच सही पायजे."

मी उजव्या हातानं शिवकन्येची सही केली, डाव्या हातानं पिंकीची. त्यानं दोन्ही निरखून बघितल्या.

"धाकटीचं अक्षर लय खराब हाय."

"लाडाची हाय ती," मी म्हणाले.

*

आमचा मामा म्हणजे सल्ल्यांचं गोदाम. खिशातून रुपया निघत नाही, तोंडातून मार्ग निघतात. नोटीस वाचून त्यानं सुपारी कातरली आणि म्हणाला, "सोपंय. पिंकी मेली म्हणून सांगायचं. मेलेल्या लेकराकडून वसुली न्हाई होत."

आईनं हातातली कात्री खाली ठेवली. "आरं, मेल्याचा दाखला कोण देईल?"

"ते मी बघतो. माझी वळख हाय."

"मामा," मी म्हणाले, "आधी तिच्या जन्माच्या दाखल्याचं बघा. मग मारू."

मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरे गेले दोन दिवस.

*

कोर्टानं तडजोडीला बसवलं. मध्ये एक वयस्कर वकीलबाई. बापाचं म्हणणं बिनतोड होतं: "जी पोरगी न्हाईच, तिचे पैसे मी का भरायचे?"

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तिला नुसती मशीन दिसत होती.

मी पिशवीतून कागद काढले. बापाचे रजेचे अर्ज. कचेरीत कपातीच्या नकला मागायला गेले तेव्हा फाईलमध्ये सापडले होते. मोठ्यानं वाचले.

'धाकटी मुलगी पिंकी हिला गोवर निघाला असल्याने तीन दिवस रजा मिळावी.'

"गोवर शिवकन्येला निघालता," आई हळूच म्हणाली. "तवा न्हाई आले."

'पिंकीची दहावीची परीक्षा असल्याने.' 'कु. पिंकी हिला बघण्यास पाहुणे येणार असल्याने.' बापाच्याच हिशोबानं पिंकी तेव्हा सहाचीही नव्हती.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग? जमलं का?"

"न्हाई जमलं," बाप म्हणाला. "पोरगं पिणारं निघालं."

बाई टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

मी म्हणाले, "पिंकी नसंल तर ह्या रजा खोट्या. असंल तर पैसे तिचे. काय लिहायचं सांगा."

खोट्या रजांनी नोकरी जाते, हे बापाला ठाऊक होतं. ठरलं ते असं: मशीनला हात लावायचा नाही, महिना पाचशेनं फेडायचं.

*

पहिला हप्ता द्यायला मी एकटीच परभणीला गेले. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर बाप उभा होता. पाचशेची नोट घेतली, उन्हात धरून बघितली, खिशात घातली. मी निघाले.

"पिंकी न्हाई आली का?"

मी वळले. चेष्टा करत असेल म्हणून तोंडाकडं बघितलं. करत नव्हता.

"तिची परीक्षा हाय," मी म्हणाले.

"कितवीला हाय?"

"बी.ए. सेकंड इयर."

"तू सोडलंस म्हणं."

"मी सोडलं. ती शिकतीय."

त्यानं मान डोलवली. चहा अर्धा ठेवला. मग खिशातून तीच नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"तिच्या फीला दे. तुला न्हाई, तू उडवशील." दोन पावलं गेला आणि परत आला. "आन् तिला म्हणावं, पावती घेत जा. ह्या आफिसातले लोक काय वाट्टेल ते लिव्हतेत."