एकट्या घराची सामाईक भिंत

लोक जुना बंगला घेतात तो त्याचं नवं घर करायला. आमच्या बाबांनी साकेत नगरातला जुना बंगला घेतला तो त्याचं क्वार्टर करायला. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटायची, पण बाबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या सिव्हिल खात्यात गेली. रिटायर झाल्यावर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तोवर आईचे डोळे गेलेले असतील, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

काचबिंदूने तिची नजर हळूहळू नेली आणि तितक्याच हळूहळू तिने ते क्वार्टर पाठ केलं. पुढे काहीच दिसेनासं झालं तरी ती काठीशिवाय घरभर फिरायची, फोडणी द्यायची, कपात चहा ओतताना थेंब बशीत सांडू द्यायची नाही. नवखा पाहुणा तासभर बसून जायचा आणि त्याला काही कळायचंही नाही. आईचा सगळा ताठा त्यात होता. पुण्याचा माझा भाऊ म्हणत होता, आता तिला माझ्याकडे पाठवा. आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "तिथे मी खुर्चीवर ठेवलेली वस्तू होईन." स्वतःच्या पायांनी फिरत राहायचं असेल तर तिला नव्या घरातही जुनंच घर हवं होतं.

मग बाबांनी टेप काढली. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत सगळं क्वार्टर मोजलं, विजेची बटणं जमिनीपासून किती उंच तेही मोजलं, आणि मजूर लावून बंगला फोडायला घेतला. ऐसपैस हॉल अर्धा कापला. जेवणघराचा चिंचोळा पॅसेज झाला. मी तेव्हा इंदूरला कॉलेजात शिकवत होते. रविवारी यायचे तेव्हा घर आधीपेक्षा लहान झालेलं असायचं आणि माझा पारा चढायचा. चांगल्या घराचं मातेरं करताय, असं मी बाबांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी बुजवायची वेळ आली तेव्हा ठेकेदारही अडून बसला. "साहब, अच्छी-भली खिड़की है, सुबह की धूप आती है. क्यों बंद करवा रहे हैं?"

"वहाँ दीवार थी," बाबा म्हणाले. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं.

टाउनशिपमध्ये आमच्या टाइपची क्वार्टर्स जोडीजोडीने बांधलेली होती. एका भिंतीला दोन घरं चिकटलेली, एकाच्या उलट दुसरं, आणि दोन्ही स्वयंपाकघरं त्या सामाईक भिंतीला लागून. आमच्या पलीकडे ग्वाल्हेरच्या एक काकू राहायच्या. दुपारचा चहा उकळला की आई लाटण्याने भिंतीवर दोनदा वाजवायची. काकू पलीकडून तीनदा वाजवून, आले, असं कळवायच्या आणि हॉलमध्ये येऊन बसायच्या, स्वयंपाकघरात कधी नाही. ही पद्धत सगळ्या ओळीत होती. त्या वेळी मागच्या गल्लीतून गेलं की बंद घरांतून ठकठक ऐकू यायची आणि माणूस एकही दिसायचं नाही. लहानपणी मला त्या गल्लीची भीती वाटायची.

बंगला तयार झाल्यावर मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा ती जुनी भीती परत आली. तोच फिका हिरवा रंग, तोच कोनाडा. अंधारात माझा हात आपसूक बटणावर गेला आणि दिवा लागला. मी कधीही न राहिलेल्या घराने मला ओळखलं होतं. खिडकीतून बाहेर पाहिलं तर क्वार्टरच्या अंगणातल्या आमच्या आवळ्याच्या झाडाच्या जागी परक्यांची पाण्याची टाकी होती. मी पडदा ओढून घेतला. वास्तुशांतीला काकू आल्या, त्याही स्वयंपाकघरात सवयीने उलट्या बाजूला वळल्या आणि फ्रिजवर आदळल्या. सगळे हसलो. हसू आवरल्यावर काकूंनी पूर्वेच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही भिंत इकडून मी पहिल्यांदाच बघतेय गं." मला ते काही बरं वाटलं नाही.

आई मात्र त्या घरात हरवली. दारांच्या चौकटींना धडकायची, मोरीकडे निघायची आणि पलंगाशी पोचायची. बाबांनी पुन्हा सगळं मोजलं. कुठे बोटभरही फरक नव्हता. ते इतके खचले की मला त्यांच्यावर चिडताही येईना. शेवटी आईच म्हणाली, "सगळं बरोबर आहे हो. पण भिंतीपलीकडे कोणी नाही."

जोडीतलं अर्धंच घर बाबांनी उचलून आणलं होतं. जन्मभर जोडघरं बांधणाऱ्या माणसाला उरलेलं अर्धं आठवलं नव्हतं.

पावसाळ्यात बुजवलेल्या खिडकीचा चौकोन प्लास्टरवर ओलीने उमटला. त्याच सुमारास मी सुट्टीला आले आणि पाहते तर आई पहिल्यासारखी फिरत होती. पॅसेजमधून सरळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. मला रडूच आलं. चहाच्या वेळी मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. तिने लाटणं उचललं, ओलीच्या त्या चौकोनावर दोनदा वाजवलं आणि मान कलती करून थांबली. पलीकडून आवाज आला. ठक, ठक, ठक. आई शांतपणे कपात चहा गाळायला लागली.

मी धावत मागच्या बाजूला गेले. भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा, तिथे कढीपत्त्याचं रोप आणि चिखलात रबरी चपलेचा ठसा. दुसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन आडोशाला उभी राहिले. बाबा आले. त्यांच्या हातात त्यांचा पितळी ओळंबा होता, भिंत सरळ आहे का ते पाहायचा, दोरी मनगटाला गुंडाळलेली. आतून दोनदा वाजलं. बाबांनी ओळंब्याने तीनदा वाजवलं, वळले आणि मला पाहून गप्प राहायची खूण केली. नंतर म्हणाले, पलीकडे कोणी असलं की तिला घराच्या दिशा कळतात. मी बागेत आहे असं तिला वाटतं, तसंच वाटू दे.

दोनएक वर्षं असं चाललं. मग एका सकाळी बाबांच्या छातीत दुखलं. मोठं हॉस्पिटल आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी ते परत आले नाहीत.

दिवसवार झाल्यावर भाऊ पुण्याच्या तिकिटाचं बोलू लागला. तो वाईट नव्हता, घाबरला होता. आई पुन्हा धडकायला लागली होती. गुडघा पलंगाच्या कडेवर आपटून काळानिळा झाला, तो भावाने पाहिला आणि म्हणाला, आता बस झालं. आईने पदराने गुडघा झाकून घेतला. तिचं ते झाकणं मला बघवेना.

त्या दुपारी मी बाबांच्या कपाटातून ओळंबा काढला आणि मागे जाऊन उभी राहिले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आतून दोनदा वाजलं, जरा अडखळत. मी तीनदा वाजवलं. पितळ गार होतं.

त्यानंतर आई सावरली. चार-सहा दिवसांत पॅसेजमधून काठीशिवाय यायला लागली. भावाने पाहिलं, एकदा मुद्दाम खुर्ची वाटेत ठेवून पाहिली, तीही तिने वळसा घालून टाळली. त्याने तिचं तिकीट रद्द केलं आणि एकटाच गेला. मी रजा वाढवली आणि रोज चहाच्या वेळी काहीतरी निमित्त काढून मागे जात राहिले. एक-दोनदा वाटलं, माझ्या वाजवण्याचा आवाज भिंतीतून जरा जाड होऊन परत येतोय. ओल असेल म्हणून मी सोडून दिलं.

एके दिवशी मी हात धुऊन आत आले. आई चहा ओतत होती, थेंबही न सांडता.

"उद्यापासून तू वाजवू नकोस," ती म्हणाली.

मी वरमले. आवाज बाबांसारखा येत नाही का, असं विचारलं.

"तुझं चांगलंच येतं गं. पण तू त्याच वेळी वाजवतेस ना, मग ह्यांचं मला नीट ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातच बसले. ओळंबा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आईने लाटणं दोनदा वाजवलं, मान कलती करून थांबली, जराशी हसली आणि दोन्ही कप हातात घेऊन हॉलकडे चालत गेली, वाटेत कशालाही न धडकता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.