म्हणून दाखव!

"म्हणून दाखव" हे दोन शब्द ऐकले की शमीमच्या कपाळावरची शीर तटतटायची. मग समोर पालक असोत, मुख्याध्यापिका असोत, नाहीतर खुद्द संस्थेचे अध्यक्ष. "मूल आहे ते, पोपट नाही!" असं ती तोंडावर सुनावायची.

नगरच्या नागापूर एमआयडीसीजवळ आमची शाळा. प्रवेश वाढावेत म्हणून संस्थेनं फाटकावर स्पॅनिशचा फलक लावला. शमीम पुण्यात स्पॅनिश शिकलेली, आईच्या आजारपणामुळे नगरला परतलेली. तिला बालवर्गावर घेतलं. मी शेजारच्या वर्गावर. तिच्याकडे ना फळा, ना वही. मुलांबरोबर जमिनीवर बसून संत्री सोलायची, बाहुलीला अंघोळ घालायची आणि सारा वेळ स्पॅनिशमध्ये बडबडत राहायची. मुलांनी बोललंच पाहिजे असं काही नाही. महिनोन्महिने गप्प असलेल्याला ती गप्प राहू द्यायची. "ताई, बी पेरल्यावर रोज उकरून बघतात का?" मला म्हणायची. पालकांचं आपलं एकच तुणतुणं, दप्तरातली वही कोरी कशी!

गौरी तिच्याच वर्गातली. साडेचार वर्षांची, वडील कारखान्यात, घरची बोली गावाकडची. इतर तासांना ती 'पानी' म्हणाली की मुलं हसायची, आणि कपाळ माझं, बाईसुद्धा हसायच्या. पोरीनं बोलणंच टाकलं. शमीमच्या तासाला मात्र सगळेच नवखे, कोण कुणाला हसणार? दिवाळीनंतर एकदा संत्र्याची फोड पुढे करून गौरी आपणहून स्पॅनिशमध्ये म्हणाली, "घे." एवढंच. शमीम धावत माझ्याकडे आली. "ताई, बोलली! कुणाला सांगू नका हं, लगेच म्हणून दाखवायला लावतील."

पण शाळेत काही लपतं का? बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. स्नेहसंमेलनात त्यांनी पाहुण्यांसमोर गौरीला उचललं, टेबलावर उभं केलं आणि तोंडापुढे माईक धरला. "हं बेटा, स्पॅनिश म्हणून दाखव!" पोर थिजली. "म्हण, म्हण, लाजायचं नाही!" तिच्या पांढऱ्या मोज्यांवर ओघळ आला. आणि पुढच्या रांगेतले कडक इस्त्रीतले लोक हसले हो! एकालाही लाज वाटली नाही. आजही आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

शमीम तरातरा स्टेजवर चढली. ओढणीनं पोरीचे पाय पुसले, तिला कडेवर घेतलं आणि माईकमध्येच म्हणाली, "साहेब, ही पोर तुमची जाहिरात नाही." दुसऱ्याच दिवशी तिला घरी बसवलं. आता त्या वर्गात भिंतीवर टीव्ही आहे. त्यात स्पॅनिश गाणी वाजतात, मुलं एका सुरात ओरडतात, पालक खूश. डोंबल शिकतात!

गौरी मात्र कुठेच बोलेना. शाळेत नाही, घरीसुद्धा नाही. तिची आई रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "मॅडम, शमीम टीचरकडं नेता का एकदा? हिला लई ओढ हाय त्यांची." तिघी गेलो. शमीम आईला घेऊन पुण्याला परत निघायच्या तयारीत, घरभर खोकी. तिनं गौरीसमोर नानकटाईची बशी ठेवली, काही विचारलं नाही, पुन्हा खोकी बांधायला बसली. आम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलो. बशी रिकामी झाली. बऱ्याच वेळानं गौरीनं शमीमची ओढणी ओढली.

"ओत्रा." म्हणजे, अजून एक.

शमीमनं डब्याकडे हात नेला. तेवढ्यात गौरीच्या आईनं हरखून मोबाईल काढला. "अगं बया, बोलली! परत म्हन गं बाळा, पप्पांना दाखवू. म्हन की!"

गौरीनं मोबाईलकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. शमीमनं नानकटाई पुढे केली, तर तिनं हात पाठीमागे नेले.

नोकरी गेली तेव्हा न रडलेली शमीम त्या खोक्यांमध्ये बसून संतापानं रडली.

"वहिनी, ती दाखवत नव्हती हो," ती गौरीच्या आईला म्हणाली. "मागत होती."